शनिवारवाडा आणि शनिवारची शर्यत

फेब्रुवारीचा पहिला रविवार जवळ येऊ लागला, की आमच्या शनिवार पेठेतील चहाच्या दुकानांत एक निराळीच कुजबुज सुरू होते. एरवी महापालिका, पाणी आणि क्रिकेट ह्यांच्यापलीकडे न जाणारी माणसे त्या आठवड्यात घोड्यांची नावे घेऊ लागतात. कोणाच्या खिशातून घडी घातलेले घोड्यांचे पुस्तक डोकावते; कोणी फोन कानाशी धरून ‘भाव काय?’ एवढेच विचारतो आणि मान हलवतो. मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर त्या रविवारी ‘इंडियन डर्बी’ धावणार असते. चार वर्षांच्या घोड्यांची, २४०० मीटर अंतराची ही शर्यत देशातील सर्वांत मानाची समजली जाते. ती संपायला अडीच मिनिटे पुरतात. तिची चर्चा मात्र आदल्या शनिवारपासूनच पेठेत रंगते. हा रविवार महिन्याचा पहिला, म्हणजे पगारानंतरचा पहिलाच रविवार असतो, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

ते ध्यानात आणून दिले आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीने. डर्बीच्या आदल्याच शनिवारी त्या आमच्या बिऱ्हाडी आल्या. यजमान एका कारखान्यात नोकरीला, घरात दोन मुले शाळेत जाणारी. बसल्या बसल्या त्यांनी विचारले, “भाऊ, हे म्हणतात, रेस म्हणजे जुगार नव्हे, सुप्रीम कोर्टानेच तसे सांगितले आहे. खरे का ते?” आम्ही म्हणालो, खरे आहे. त्यावर क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “मग फीचे पैसे गेले ते कशात गेले म्हणायचे?” ह्या प्रश्नाला तयार उत्तर आमच्यापाशी नव्हते. पुढील लेखन हे त्या उत्तराच्या शोधात झालेले आहे. आणि तो शोध आम्हांला आमच्याच पेठेतून लष्करात, लष्करातून मुंबईला आणि शेवटी आपल्याच चर्चच्या आवारात घेऊन गेला.

शनिवार पेठ ही पुण्याच्या जुन्या पेठांपैकी एक. पूर्वी तिला मूर्तजाबाद म्हणत. पहिल्या बाजीरावाने १७३० मध्ये येथे वाड्याचा पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, आणि पेठेच्या नावावरून वाड्याला शनिवारवाडा हे नाव मिळाले. वाड्याच्या दिल्ली दरवाजातून जी फौज उत्तरेला जाई, तिचा सारा भरवसा घोड्यावर होता. भीमेच्या काठची भीमथडी तट्टे दिसण्यात सामान्य, उंचीने बेताची, पण चिवट म्हणून प्रसिद्ध. मराठ्यांच्या घोड्याची परीक्षा मजलांवर मजला मारण्यात होत असे. अडीच मिनिटांत कोण पुढे, ह्या हिशेबाला त्या परीक्षेत स्थान नव्हते. घोड्यावर स्वार होणारा आणि घोड्यावर आपले सर्वस्व लावणारा हा तेव्हा एकच माणूस होता. त्याचे सर्वस्व म्हणजे त्याचा प्राण. पुढील दोन शतकांत ही दोन माणसे वेगळी झाली, हाच ह्या इतिहासाचा गाभा आहे असे आम्हांस वाटते.

आपल्या समाजाचा पुण्याशी संबंध ह्याच वाड्यातून जुळला, हे पुष्कळांना ठाऊक असेल. पेशव्यांच्या सैन्यात दों मिगेल द नोरोन्या हे पोर्तुगीज अधिकारी होते. त्यांच्या विनंतीवरून सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये चर्चसाठी जमीन दिली, आणि आज आपण ज्याला सिटी चर्च म्हणतो ते निष्कलंक मातेचे चर्च नाना पेठेत उभे राहिले. ब्राह्मण पेशव्याने आपल्या ख्रिस्ती शिपायांच्या उपासनेची सोय करून दिली. हे दान आपण कृतज्ञतेने सांगतो आणि सांगत राहावे. परंतु त्या दानाला पुरती तीस वर्षेही झाली नाहीत, तोच पेशवाई संपली. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, पुण्यावर इंग्रजांचे निशाण लागले आणि शहराच्या पूर्वेस लष्कराची छावणी वसली.

१८२८ मध्ये शनिवारवाड्याला आग लागली. ती सात दिवस धुमसत होती असे सांगतात. लाकडी मजले गेले, दगडी तट आणि दरवाजे तेवढे उरले. आणि ह्या आगीनंतर दोनच वर्षांनी, १८३० मध्ये, पाचएक किलोमीटर पलीकडे लष्कराच्या जमिनीवर घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. ह्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण पुणे शहराची दोन पुणी झाली ती ह्याच सुमारास. एकीकडे जळक्या वाड्याभोवतीच्या पेठा, तर दुसरीकडे बंगले, बराकी, बँड आणि शर्यतीचे गोल मैदान. पेठेतला माणूस लष्करात जाई तो बहुधा कामाला.

आपण कॅथोलिक मंडळी मात्र दोन्हीकडे होतो. लष्करात आयरिश सैनिकांच्या वर्गणीतून १८५० मध्ये संत पॅट्रिकचे चर्च उभे राहिले. १८८६ मध्ये पोप तेरावे लिओ ह्यांनी पुणे धर्मप्रांताची स्थापना केल्यावर ते महामंदिर झाले. हे महामंदिर शर्यतीच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर आहे. अशा ठिकाणी दीडशेहून अधिक वर्षे उपासना करणाऱ्या समाजाने, शर्यतीशी आपला काही संबंध नाही असे म्हणणे जरा धाडसाचेच ठरेल.

मुंबईची कथा पुण्याहून थोडी आधीची. तेथे १८०२ मध्ये टर्फ क्लब स्थापन झाला. भायखळ्याच्या मैदानावर प्रथम शर्यती होत. अरबी घोड्यांच्या व्यापाऱ्यांचे मुंबई हे मोठे ठाणे असल्याने धावणारी जनावरेही बहुतेक अरबी असत. १८८३ मध्ये महालक्ष्मीचे मैदान तयार झाले. क्लबचे नाव पुढे बदलत गेले आणि १९३५ मध्ये पंचम जॉर्ज बादशहांच्या परवानगीने त्याच्या मागे ‘रॉयल’ लागले. आजही रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब हाच मुंबई व पुणे ही दोन्ही मैदाने चालवतो. हिवाळ्यात मुंबई, पावसाळ्यात पुणे असा घोड्यांचा वर्षाचा फेरा ठरून गेला. मोसमाच्या उत्तरार्धात ‘पुणे डर्बी’ धावते, पण तिच्यासाठी पेठेत आठवडाभर कुजबुज चालत नाही.

आता कायद्याकडे वळू. कारण आमच्या भगिनीचे यजमान कायद्याचाच आधार घेत होते. मुंबई इलाख्यात १८८७ मध्ये जुगारबंदीचा कायदा झाला. गल्लीतल्या अड्ड्यावर फासे टाकणारा, पत्त्यांवर पैसे लावणारा माणूस त्याखाली पकडला जाऊ लागला. १९१२ मध्ये दुसरा कायदा आला, तो शर्यतीच्या मैदानांना परवाना देणारा. परवाना असलेल्या मैदानावर, ठरवून दिलेल्या आवारात, ठरवून दिलेल्या रीतीने लावलेली घोड्यावरची पैज जुगाराच्या व्याख्येतून वगळण्यात आली. हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचले म्हणजे एक चमत्कारिक दृश्य डोळ्यांपुढे येते. घोडा तोच, शर्यत तीच, शंभराची नोटही तीच. शनिवार पेठेच्या कोपऱ्यावर बुकीच्या हातात ती दिली तर तो गुन्हा. रिक्षाने लष्करात जाऊन खिडकीवर दिली तर व्यवहार. पाप आणि पुण्य ह्यांच्यामध्ये रिक्षाचे भाडे तेवढे अंतर! कायदा करणाऱ्यांचा युक्तिवाद आम्ही समजू शकतो. मैदानावर हिशेब तपासता येतो, कर वसूल होतो, घोड्याला काही खाऊ घालून शर्यत फिरवणाऱ्याला पकडता येते. पण गरिबाचा जुगार हा गुन्हा आणि साहेबाचा जुगार हा खेळ, ही विभागणी मुळात नीतीने केलेली नव्हती, इतके तरी मान्य करावे लागेल.

ही विभागणी सर्वांत ठळक दिसते ती १९३० च्या उन्हाळ्यात. त्या वर्षी १ जून रोजी ‘डेक्कन क्वीन’ पहिल्यांदा धावली. आज ह्या गाडीने सकाळी मुंबईला कामावर जाणारे आणि रात्री परतणारे पुणेकर हिला आपल्या घरची समजतात. तिचा वाढदिवस केक कापून साजरा होतो. परंतु ती सुरू झाली तेव्हा आठवड्याच्या अखेरीस धावणारी, मुंबईच्या धनिकांना पुण्याच्या शर्यतींना आणणारी गाडी अशीच तिची ख्याती होती. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या; एक रुपेरी रंगाची, लाल पट्ट्यांची, तर दुसरी गडद निळी, सोनेरी रेघांची. डबे फक्त पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे. तिसऱ्या वर्गाचा प्रवासी ह्या गाडीत पाऊल ठेवू शकला तो १९५५ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. शर्यतीच्या पैशाने पुण्याला राणी दिली हे खरेच. पण पुण्यातल्या सामान्य माणसाने त्या राणीचे दर्शन पाव शतक फलाटावरूनच घेतले.

त्याच आठवड्यात, ४ जूनला, इंग्लंडात एप्सम येथे तिकडची मूळची डर्बी धावली आणि तिसरे आगाखान ह्यांचा ब्लेनहिम हा घोडा पहिला आला. आगाखानांच्या घराण्याचा पुण्याशी आणि पुण्याच्या घोड्यांशी जुना संबंध. येरवड्याचा त्यांचा महाल १८९२ चा. त्यांचे घोडे पुढे आणखी चार वेळा एप्समची डर्बी जिंकले.

आणि ह्याच येरवड्यात, तुरुंगाच्या भिंतीआड, त्या वेळी कोण होते? मिठाच्या सत्याग्रहात मे महिन्यात अटक झालेले गांधीजी. त्या पावसाळ्यात दर मंगळवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर ते आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहीत. तीच पत्रे पुढे ‘मंगलप्रभात’ ह्या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांतील एक पत्र अस्तेयावर, म्हणजे चोरी न करण्यावर आहे. दुसऱ्याची वस्तू उचलणे एवढाच चोरीचा अर्थ त्यांनी धरला नाही. आपल्याला ज्याची खरी गरज नाही ते घेणे हीदेखील चोरीच, असा त्यांचा विचार होता. ते पत्र लिहिले गेले तेव्हा पुण्यातील शर्यतींचे दिवस होते. एकाच शहरात शनिवारी रुपेरी गाडी येत होती आणि मंगळवारी तुरुंगातून ही पत्रे जात होती. अस्तेयाचा हा धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे आपल्याच धर्मशिकवणीत पुन्हा हाती येणार आहे.

१९३० ची गोष्ट येथेच थांबवली असती तर बरे झाले असते; कारण पुढची बाजू आपल्याला तितकीशी सुखाची नाही. त्याच वर्षी आयर्लंडच्या सरकारने रुग्णालयांसाठी घोड्यांच्या शर्यतींवर आधारलेली सोडत चालवण्यास परवानगी दिली. ‘आयरिश स्वीप’ ह्या नावाने ती जगभर पसरली आणि १९८७ पर्यंत चालली. जिथे असल्या तिकिटांना कायद्याने बंदी होती, अशा देशांतही ती चोरून विकली जात. ज्या रुग्णालयांना हा पैसा मिळाला त्यांत धर्मभगिनींनी चालवलेली आपली रुग्णालयेही होती. डब्लिनमधील ॲडलेड ह्या प्रोटेस्टंट रुग्णालयाने मात्र तत्त्व म्हणून तो पैसा नाकारला. त्याही आधी, १७८३ मध्ये, पोर्तुगालच्या मारिया राणीने लिस्बनच्या ‘सांता काझा द मिझेरिकोर्दिया’ ह्या दयाकार्य करणाऱ्या संस्थेला रुग्ण व अनाथ ह्यांच्यासाठी लॉटरी चालवण्याचा हक्क दिला होता. तेव्हा जुगाराच्या पैशाने पुण्यकर्म करण्याची वाट आपल्या मंडळींनी फार पूर्वीच मळवून ठेवली आहे.

इंडियन डर्बी सुरू झाली १९४३ मध्ये. महायुद्ध चालू, देशभर धरपकड झालेली, आणि महालक्ष्मीवर बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडी पहिली आली. तिच्यावर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी होता. पुढे संस्थाने गेली, जॉकींची नावे बदलली. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे अशी मराठी नावे मैदानावर गाजू लागली. जॉकी मंडळींविषयी आमच्या मनात आदरच आहे. अर्ध्या टनाच्या धावत्या जनावरावर जवळजवळ उभे राहून हे लोक आपला जीव रोज पणाला लावतात. १९७९ मध्ये कार्ल उम्रीगर हा कोवळ्या वयाचा, उमदा जॉकी महालक्ष्मीवर घोड्यावरून पडून दगावला, तेव्हा शर्यत न पाहणारी मुंबईही हळहळली. वर म्हटलेली ती दोन माणसे आता पुरती वेगळी झालेली होती. प्राण लावणारा एक, पैसा लावणारे हजारो.

डर्बीनंतर महिनाभराने आणखी एक मोठा शनिवार-रविवार येतो, तो ‘इन्व्हिटेशन कप’चा. मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद अशा निरनिराळ्या केंद्रांवर तो आळीपाळीने भरतो आणि देशातील निवडक घोडे तेथे एकत्र येतात. कमी अंतराचे, एका मैलाचे आणि लांब पल्ल्याचे असे घोड्यांचे निरनिराळे मुकाबले त्या दोन दिवसांत होतात. शर्यत परगावी असली तरी पैज लावणाऱ्याला तिकडे जावे लागत नाही. आपल्या गावच्या मैदानावर पडद्यावर शर्यत दिसते आणि खिडक्या उघड्या असतात. मार्चच्या आरंभी येणारे हे दोन दिवस बहुधा आपल्या प्रायश्चित्तकाळात पडतात. राखेच्या बुधवारी कपाळावर घेतलेली राख त्या शनिवारपर्यंत किती जणांच्या ध्यानात राहते, हे ज्याचे त्याने पाहावे.

पैजेचे गणित समजून घेतल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. आणि हे गणितच पुष्कळ घरांत कोणी मांडून दाखवत नाही. मैदानावर पैज दोन रीतींनी लागते. एक बुकीकडे, तो भाव सांगतो. दुसरी ‘टोट’वर. टोटची कल्पना पॅरिसमध्ये १८६० च्या दशकात जोसेफ ओलर ह्याने काढली. सर्वांचे पैसे एका गल्ल्यात जमा करायचे, त्यातून चालवणाऱ्याचा वाटा काढायचा आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. हे हिशेब यंत्राने करण्याची युक्ती काढली जॉर्ज ज्यूलियस ह्या अभियंत्याने. त्याचे पहिले यंत्र १९१३ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंडला बसले. हा गृहस्थ एका अँग्लिकन बिशपचा मुलगा, आणि यंत्र त्याने मुळात निवडणुकीतील मते मोजण्यासाठी बनवले होते. सरकारने ते नाकारले म्हणून ते घोड्यांच्या मैदानावर गेले.

आता समजा, गल्ल्यातून शंभरातले वीस रुपये क्लब व इतर खर्चासाठी काढले जातात. म्हणजे एका शर्यतीवर सर्वांनी मिळून लावलेल्या शंभरांपैकी ऐंशीच सर्वांना मिळून परत येतात. ते ऐंशी पुढच्या शर्यतीवर लावले की चौसष्ट उरतात. तिसऱ्या शर्यतीनंतर एक्कावन्न, चौथीनंतर एक्केचाळीस आणि पाचवीनंतर जेमतेम तेहेतीस. कोणा एकाला हजाराचे पन्नास हजार होतील, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात बोलेल. ज्यांचे गेले ते बोलत नाहीत. पण सबंध गर्दीचा मिळून खिसा पाच शर्यतींत दोनतृतीयांश रिकामा होतो, आणि ह्यात कोणी लबाडी केलेली नसते. मोठ्या शनिवार-रविवारी तर शर्यतींची मालिकाच असते. त्यातून ‘जॅकपॉट’साठी लागोपाठ पाच शर्यतींचे विजेते सांगायचे, ‘टानाला’साठी पहिले तीन घोडे त्याच क्रमाने सांगायचे, बक्षीस जितके मोठे तितकी आशा लांब. ह्या हिशेबात कर धरलेला नाही. २०१७ पासून पैजेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि २०२५ च्या सप्टेंबरात तो ४० टक्के झाला. शंभराच्या पैजेवर चाळीस रुपये सरकारचे! इतके होऊनही खिडकीपुढची रांग ओसरत नाही, ह्यावरून ती रांग नफ्याच्या हिशेबाने लागलेली नसते हे उघड आहे.

मग सर्वोच्च न्यायालय काय म्हणाले? तामिळनाडू सरकारने १९७४ मध्ये शर्यती व त्यांवरील पैजा बंद करण्याचा कायदा केला. त्याविरुद्धचे प्रकरण वर्षानुवर्षे चालले आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याचा निकाल लागला. घोड्याचा वंश, त्याचे शिक्षण, जॉकीचे कसब ह्या गोष्टी शर्यतीत निर्णायक असतात आणि पैज लावणाराही घोड्याची मागील कामगिरी, वजन, अंतर ह्यांचा अभ्यास करतो. म्हणून हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. निकाल विचारपूर्वक दिलेला आहे. पण न्यायालयापुढचा प्रश्न एवढाच होता, की कायद्याच्या व्याख्येत हा जुगार बसतो की नाही. फीचे पैसे कोणाचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे कोणी नेलाच नव्हता. आणि कौशल्य म्हणावे, तर ज्याचा अभ्यास खरोखर दांडगा आहे असा माणूस जिंकतो तो कोणाचे पैसे? ज्याचा अभ्यास कच्चा आहे त्याचेच. खेळ कौशल्याचा ठरल्याने हरणाऱ्याचे सांत्वन व्हावे असे त्यात काही नाही.

आता आपल्या घराकडे येऊ. ख्रिस्तसभेने जुगाराला सरसकट पाप म्हटले आहे, अशी आपल्यातील अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. क्रुसाखाली शिपायांनी प्रभूच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, हे आपण दर पवित्र शुक्रवारी ऐकतो. परंतु यहूदाच्या जागी मथियाची निवड झाली तीही चिठ्ठ्या टाकूनच, हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. चिठ्ठी स्वतः दोषी नाही. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धर्मशिकवणीच्या ग्रंथात २४१३ व्या परिच्छेदात हा विषय आला आहे. त्याचा आशय असा, की नशिबाचे खेळ व पैजा ह्या स्वतःहून न्यायाविरुद्ध नाहीत. परंतु माणसाला स्वतःच्या व इतरांच्या गरजा भागवण्यास जे लागते तेच त्यांनी हिरावले, तर त्या नीतीला मान्य नाहीत. आणि ह्या नादाची गुलामगिरी जडण्याचा धोका असतो.

हा परिच्छेद ग्रंथात कोठे आहे, ते आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. तो लोभाच्या प्रकरणात नाही, आळसाच्याही नाही. तो सातव्या आज्ञेखाली आहे. ‘चोरी करू नको’ ह्या आज्ञेखाली. येरवड्यातून गांधीजींनी ज्या विषयावर पत्र लिहिले तोच हा विषय. घरखर्चाची रक्कम खिडकीवर देणारा मनुष्य आपलेच पैसे देत आहे असे समजतो. ख्रिस्तसभेच्या दृष्टीने त्यातले काही पैसे त्याचे नसतातच. ते त्याच्या मुलांचे असतात. पगाराच्या पाकिटावर त्याचे नाव असते, एवढेच.

ह्या ठिकाणी संत कामिलस ह्यांची आठवण होते. आपल्यातील परिचारिका भगिनींना ते चांगले परिचित आहेत. इटलीतील हा उंचापुरा शिपाई फाशांच्या नादी इतका लागला, की १५७४ मध्ये नेपल्स येथे त्याने शस्त्रे, पैसा आणि अंगावरचा सदरासुद्धा हरला असे त्यांच्या चरित्रात येते. पोटासाठी कापुचिन धर्मबंधूंच्या बांधकामावर मजुरी करता करता, २ फेब्रुवारी १५७५ रोजी, म्हणजे प्रभूच्या समर्पणाच्या सणाला, त्यांचे हृदयपरिवर्तन झाले. पुढे त्यांनी रुग्णसेवेचा संघ काढला. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८८६ मध्ये, म्हणजे आपला पुणे धर्मप्रांत स्थापिला त्याच वर्षी, त्यांना रुग्णांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. त्यांच्या परिवर्तनाचा दिवस आणि इंडियन डर्बीचा रविवार हे एकमेकांपासून फार तर आठवडाभर दूर असतात. काही वर्षी तर एकाच दिवशी येतात.

हे सारे आम्ही त्या भगिनीला सांगितले. एका बैठकीत नव्हे, दोन-तीन रविवारी मिस्सानंतर, सिटी चर्चच्या आवारात उभ्या उभ्या. सातव्या आज्ञेची गोष्ट त्यांना पटली. २४१३ हा आकडा त्यांनी मिस्साच्या पत्रकाच्या मागे लिहून घेतला. यजमानांना दाखवीन, म्हणाल्या. पाच शर्यतींचे गणित तर थोरल्या मुलाला वहीत मांडायला लावते असेही म्हणाल्या, आणि तो बेत आम्हांला विशेष आवडला.

मग जाता जाता त्यांनी विचारले, “भाऊ, आपल्या सणाला हौजी असते, तिचे काय? मागच्या वर्षी ह्यांनी वीस तिकिटे घेतली होती.” हौजीचा पैसा गरीब मुलांच्या शिक्षणाला जातो, तिकीट स्वस्त असते, खेळ तासाभरात संपतो, असे आम्ही सांगू लागलो. सांगता सांगता आयरिश स्वीपची आठवण झाली आणि आम्ही थांबलो. ती वीस तिकिटे त्यांच्या यजमानांना आम्हीच विकली होती.